पोरांनो, पावडरीच्या आधी न्याहारी

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात पहाटे पाचलाच जाग असते. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी शिये रस्त्याला धावत असतात, जिमची शटरं वर गेलेली असतात, तालमीत जोर सुरू झालेले असतात. या सगळ्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. प्रोटीन घ्यायचं कधी? व्यायामाच्या आधी की नंतर? आणि नंतर म्हणजे किती मिनिटांत? अर्ध्या तासात शेक पोटात गेला नाही तर केलेली मेहनत वाया जाते, अशी भीती अनेकांच्या मनात पक्की बसली आहे. शेवटचा सेट संपला की घाम पुसायच्या आधी शेकर हलवायला लागणारी पोरं मी रोज बघतो.

म्हणून आधीच सांगतो, ही भीती सोडून द्या. व्यायामाच्या आगेमागे नेमक्या कोणत्या मिनिटाला प्रोटीन घेतलं, याने फार फरक पडत नाही. दिवसभरात एकूण किती पोटात गेलं, याने पडतो. त्याच्या खालोखाल, ते किती वेळा विभागून गेलं याने पडतो. आपल्याकडच्या बहुतेक पोरांचं गणित व्यायामानंतरच्या अर्ध्या तासात चुकत नाही. ते चुकतं सकाळच्या न्याहारीला आणि दुपारी चार-पाचच्या सुमाराला, जेव्हा पोटात चहा-बिस्किटाशिवाय काही जात नाही.

अर्ध्या तासाची गोष्ट निघाली कुठून, तेही समजून घ्या. जोर-बैठका मारल्या किंवा वजन उचललं की स्नायू प्रथिनं घ्यायला जास्त तयार होतो, हे खरं आहे. सुरुवातीच्या काही अभ्यासांत व्यायामानंतर लगेच प्रथिनं दिली तर फायदा जास्त दिसला. ते अभ्यास लहान होते, पण पावडर विकणाऱ्यांना तेवढं पुरलं. पुढे कळलं, की स्नायूची ती तयारी अर्ध्या तासात मिटत नाही, निदान चोवीस तास टिकते. २०१३ साली शोनफेल्ड, अ‍ॅरॅगॉन आणि क्रीगर या तिघांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. वरवर बघता वेळेचा थोडा फायदा दिसत होता. पण ज्यांना व्यायामाला लागून प्रोटीन दिलं होतं त्यांच्या पोटात दिवसभराचं प्रोटीनही जास्त गेलं होतं. तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा उरला नाही.

शिवाय पोट काही नळाची तोटी फिरवल्यासारखं रिकामं होत नाही. भाकरी, आमटी, अंडी असं नीट जेवण झालं की त्यातली प्रथिनं पुढचे चार-सहा तास हळूहळू रक्तात येत राहतात. दुपारी अडीचला जेवून सहाला जिममध्ये गेलेल्या पोराच्या रक्तात व्यायाम संपतानाही दुपारच्या जेवणाचा माल असतो. त्याने घरी जाऊन आंघोळ करावी आणि आठ वाजता निवांत जेवावं. काहीही वाया जात नाही.

अपवाद एकच आहे, आणि तो नेमका पहाटे उठणाऱ्यांचा आहे. रात्री आठला जेवून पहाटे पाचला उपाशीपोटी मेहनत करणाऱ्याच्या पोटात नऊ-दहा तास काही गेलेलं नसतं. त्याने व्यायामानंतर फार ताटकळू नये, तासाभरात प्रथिनं पोटात जाऊ द्यावीत. आपल्याकडे होतं उलटंच. पहाटेचा व्यायाम झाला की चहा, मग आंघोळ, मग कॉलेज किंवा एमआयडीसीची बस, आणि पहिलं धड जेवण दुपारी एकला. तोवर मोडलेल्या स्नायूला दुरुस्तीचं सामानच मिळत नाही. हाच पोरगा संध्याकाळी दुकानात जाऊन, कोणता डबा घेऊ, असं विचारतो.

जुन्या तालमीत हे कोणी पुस्तक वाचून शिकवलं नव्हतं, पण रीत बरोबर होती. पहाटे जोर, मग माती, आणि मेहनत उतरली की थंडाई. बदाम, खसखस, मगजबी, वेलदोडा, मिरी कुंडीत बारीक वाटायची आणि दुधात किंवा पाण्यात कालवून प्यायची. मग अंडी, मग झोप. संध्याकाळच्या मेहनतीनंतर पुन्हा दूध. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेऊन तिथंच पेला रिकामा करणारी माणसं त्याच परंपरेतली. शाहू महाराजांचा जन्म आपल्या बावड्यातला, १८७४ चा. त्यांनी पैलवानांना आसरा दिला, खुराक दिला, खासबागेचं मैदान बांधलं. ते १९१२ साली पुरं झालं. या गावाला खुराक म्हणजे काय ते बाहेरून येऊन कोणी शिकवावं, अशी वेळ खरं तर यायला नको होती.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. थंडाईत प्रथिनं कमी आणि ताकद देणारा स्निग्ध पदार्थ जास्त. पंधरा-वीस बदामांत प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. हजार-हजार बैठका मारणाऱ्या पैलवानाला ती ताकद जाळायची असायची, म्हणून त्याला थंडाई, तूप, मटण सगळं पचायचं. दिवसभर संगणकासमोर बसून तासभर जिमला जाणाऱ्याने तोच खुराक लावला तर पोट सुटेल. पैलवानाची वेळ घ्या, त्याचं माप घेऊ नका.

आता मापाकडे येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. रोज कसून व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात. क्रीडा पोषणाचे जाणकार दर किलोला १.४ ते २ ग्रॅम सांगतात. २०१८ साली ४९ अभ्यास आणि अठराशेहून अधिक माणसांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा दिसलं की साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायू वाढण्यात सरासरीने भर पडत नाही. साठ किलोच्या पोरासाठी १.४ ते १.६ च्या हिशेबाने हा आकडा ८५ ते ९५ ग्रॅम होतो. दोनशे ग्रॅमचा तक्ता कोणी हातात दिला तर तो घडी घालून परत करा.

हे ८५ ग्रॅम बावड्यातल्या स्वयंपाकघरात सापडतात का? मांडून बघा. दिवसाला चार भाकरी धरल्या तर वीस-बावीस ग्रॅम. दोन वाट्या घट्ट आमटी, दहा-बारा. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, सात-आठ. दोन पेले म्हशीचं दूध, वीसच्या आसपास. तीन अंडी, अठरा. मूठभर शेंगदाणे, सात. बेरीज पंच्याऐंशीच्या घरात जाते, आणि यात अजून मटणाचा वार आलेला नाही. भाकरीतल्या प्रथिनांत जे कमी असतं ते आमटी-उसळीतून भरून निघतं, म्हणून आपल्या आज्ज्यांनी या दोन गोष्टी एका ताटात ठेवल्या ते योग्यच होतं. अंडी न खाणाऱ्यांनी दही, पनीर, फुटाणे, सोयाबीनचे चंक्स वाढवावेत. पन्नास ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढं स्वस्त प्रोटीन बाजारात दुसरं मिळणं अवघड आहे.

मटणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तांबडा-पांढरा वाट्यावर वाट्या प्यायला म्हणजे प्रोटीन झालं, असं समजू नका. रश्शाची चव खरी, पण प्रथिनं फोडीत असतात. घरात मटण आलं की फोडी बाप्यांच्या ताटात आणि रस्सा बायकांच्या, हे अजून अनेक घरांत चालतं. ज्या घरातली मुलगी पहाटे उठून भरतीसाठी धावते, त्या घरात तरी हे थांबलं पाहिजे. तिच्याही ताटात फोडी, तिच्याही वाटणीला दोन अंडी. तिचाही स्नायू त्याच मालातून बनतो.

वेळेबद्दल उरतं ते विभागणीचं. उसाला महिन्याचं पाणी एका रात्रीत सोडून चालत नाही, पाळीपाळीनं द्यावं लागतं, तसंच हे. २०१३ च्याच एका अभ्यासात व्यायामानंतरच्या बारा तासांत सगळ्यांना सारखंच ८० ग्रॅम प्रोटीन दिलं होतं. दर तीन तासांनी वीस-वीस ग्रॅम घेणाऱ्यांचा स्नायू सर्वांत चांगला बांधला गेला. एकदम चाळीस-चाळीस घेणारेही मागे राहिले आणि दहा-दहा ग्रॅम चाखत बसणारेही. म्हणून दिवसातून चार वेळा वीस-पंचवीस ग्रॅम, हा सोपा हिशेब धरा. न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळी काहीतरी, रात्रीचं जेवण. झोपताना पेलाभर दूध घेतलं तर उत्तमच, कारण दुधातली ऐंशी टक्के प्रथिनं सावकाश पचणारी असतात आणि रात्रभर थोडी थोडी मिळत राहतात. मात्र शरीर एका वेळी तीस ग्रॅमच घेतं आणि बाकीचं टाकून देतं, ही समजूतही खरी नाही. २०२३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी व्यायामानंतर एकदम शंभर ग्रॅम देऊन पाहिलं, तर शरीर ते बारा तासांहून जास्त वेळ वापरत राहिलं. रविवारी मटण जरा जास्त झालं म्हणून हळहळू नका.

मग पावडर कोणासाठी? तिच्याशी माझं वैर नाही. व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं, गाळून सुकवलेली. अन्नच आहे ते, औषध नाही आणि जादूही नाही. खोलीवर राहणारा, मेसमध्ये पातळ आमटीवर दिवस काढणारा विद्यार्थी, पहाटेच्या व्यायामावरून थेट कामाला पळणारा कामगार, अंडी-मटण न खाणारा आणि वजन उचलणारा, यांना एक स्कूप सोयीचा पडतो. तो कधी घ्यायचा, तर जिथं ताटात खड्डा आहे तिथं. न्याहारी होत नसेल तर सकाळी. दुपारी एक ते रात्री नऊ काही खायला मिळत नसेल तर पाच वाजता. तीन अंडी आणि दूध घेतल्यावर लगेच वरून स्कूप मारण्यात अर्थ नाही. व्यायामाच्या आधी घ्यायचाच तर पाण्यातून, अर्धा-पाऊण तास आधी. दुधात केळं, शेंगदाण्याचं बटर आणि पावडर घुसळून लगेच बैठका मारायला गेलात तर मळमळेल, दुसरं काही होणार नाही. दूध किंवा साधी व्हे घेतल्यावर पोट फुगत असेल तर दुधातली साखर पचत नाही असं समजा. अशांनी दह्यावर भर द्यावा.

पैशाचाही विचार करा. किलोभर चांगल्या पावडरीला अडीच-तीन हजार रुपये पडतात. म्हणजे चोवीस ग्रॅम प्रोटीनच्या एका स्कूपला ऐंशी-नव्वद रुपये. तेवढंच प्रोटीन चार अंड्यांत तीसेक रुपयांत मिळतं आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत त्याहून स्वस्त. ज्या घरात उसाचं बिल आल्यावर वर्षाचा हिशेब लागतो, तिथं पोराने महिन्याला तीन हजार डब्यावर घालावेत आणि न्याहारी चहावर भागवावी, हे मला बघवत नाही. गोकुळ दूध संघ १९६३ पासून ज्या जिल्ह्यातलं दूध गोळा करतो, त्या जिल्ह्यातल्या पोराला दूध महाग वाटतं आणि डबा परवडतो, याचा आईबापांनी आणि पोरांनी एकत्र बसून विचार करावा.

आणि डब्यात लिहिलंय ते असतं का? एप्रिल २०२४ मध्ये केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक अ‍ॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे सत्तर टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. सुमारे चौदा टक्क्यांत बुरशीचं विष सापडलं. त्यानंतर मे २०२४ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शनातही सामान्य माणसाने प्रोटीन पावडरीच्या मागे लागू नये, असंच सांगितलं आहे. घ्यायचीच असेल तर सील बघा, बिल घ्या, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा, आणि शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते वाचा. सत्तर-ऐंशी असेल तर ती व्हे. पंधरा-वीस असेल तर तो गेनर, म्हणजे बहुतांशी पिठूळ साखर. सुट्या पिशवीत भरून मिळणारी पावडर कोणीही दिली, कितीही ओळखीच्याने दिली, तरी घेऊ नका.

भरतीच्या पोरांना वेगळं सांगायचं आहे. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची. सोळाशे मीटर (मुलींना आठशे), शंभर मीटर, गोळाफेक. यात सर्वांत जास्त गुण लांब धावण्याला आहेत आणि धावण्याचं इंधन भाकरी-भात आहे, प्रोटीन नव्हे. जिममधल्या कुणाचं ऐकून भाकरी बंद करून अंड्यांचं पांढरं खाणारी पोरं शेवटच्या चारशे मीटरला हात टेकतात. पोटात पुरेशी ताकद नसली की शरीर प्रोटीनच चुलीत घालतं, मग महागाचं प्रोटीन घेऊन उपयोग काय? धावण्याआधी पाऊण-एक तास केळं किंवा गूळ-पोळी, थोडं पाणी. दूध-अंडी धावून आल्यावर. आणि चाचणीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही पावडर किंवा ‘प्री-वर्कआउट’ घेऊ नका.

जिममध्ये फिरणाऱ्या इंजेक्शनांबद्दल मी एकच वाक्य बोलून थांबणार नाही. मेफेंटरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी आहे. ते जिमच्या पोरांना दम वाढतो म्हणून चोरून विकलं जातं, आणि राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब भलतेच वाढतात, त्याची सवय लागते, आणि माणूस जातोही. स्टिरॉइडचं तेच. ‘प्रोटीनचंच इंजेक्शन आहे’ असं सांगून कोणी सुई पुढे केली तर तिथून उठा आणि घरी सांगा. स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पावडरीत भेसळ दुसऱ्याने केली असली, तरी उत्तेजक चाचणीत सापडल्यावर जबाबदारी खेळाडूवरच येते.

मूत्रपिंडाचं भय अनेक आयांना असतं. निरोगी माणसाने वर सांगितलेल्या मापात प्रथिनं घेतली तर मूत्रपिंड बिघडतं, याला चांगला आधार नाही. पण आधीच मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये. अनेकांना हे आजार आहेत हेच माहीत नसतं, म्हणून डबा घेण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि साखर तपासून घ्या. अठराच्या आतल्या पोरांना पावडरीची गरज नाही.

एक गोष्ट बहुतेक घरांत सुटून जाते. घरात प्रथिनांची खरी टंचाई तरुणांपेक्षा साठीच्या पुढच्यांना भासते. म्हातारपणी स्नायू झडतो आणि तेवढ्याच प्रथिनांना कमी दाद देतो. जाणकार त्यांना किलोला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. आजी रात्री चहा-चपाती खाऊन झोपत असेल तर तिच्या वाटीत आमटी घट्ट घाला, अंडं खात असेल तर द्या, आणि तिला रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करायला लावा.

आता बावड्यातल्या तालमींना, जिमवाल्यांना आणि तरुण मंडळांना माझं सरळ मागणं आहे. तुम्ही गणेशोत्सवाला कसे उभे राहता, महापुरात घराघरांतून माणसं कशी बाहेर काढता, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच ताकद पहाटेच्या पोरांसाठी लावा. सकाळी साडेसात वाजता, मेहनत संपल्यावर, प्रत्येकाला दोन उकडलेली अंडी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध. मिळून तीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि माणशी खर्च चाळीस रुपयांच्या आतबाहेर. ज्याला परवडतं त्याने आपले पैसे द्यावेत, ज्याला नाही त्याचे मंडळाने घालावेत. पुढच्या भरतीची तारीख लागायची वाट न बघता हे येत्या सोमवारपासून सुरू करा.